‘आपल्याकडे हे चालणार नाही’ म्हणण्याआधी

कामाच्या ठिकाणी मांडलेल्या नव्या सूचनेचे भवितव्य बहुधा तिच्यानंतर बोलणाऱ्या पहिल्या दोन माणसांच्या हाती असते. सूचना कितीही विचारपूर्वक केलेली असो. ‘आपल्याकडे हे चालणार नाही’, ‘हे सगळं आधी करून झालंय’, ‘कागदावर ठीक आहे हो’, ‘पैसे कोण देणार?’ यांपैकी एखादे वाक्य लगेच आले की बाकीचे माना डोलावतात आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. कधी शब्दही लागत नाहीत. साहेबांनी मोबाइल उचलला, कुणी गालात हसले, कुणी चहा कुठे अडकला म्हणून चौकशी केली, तरी तेवढ्यावर भागते. या सगळ्या प्रकारांत सूचना तपासली गेलेली नसते. तपासून नाकारणे वेगळे, आणि ते करावेच लागते. बहुतेक सूचना मांडल्या तशा अमलात आणण्याजोग्या नसतातच. सूचना ऐकल्यापासून निर्णय होईपर्यंतच्या मधल्या वेळात सहकारी तिचे काय करतात, यावर तिच्यातून काही निघणार की नाही हे ठरते.

उडवून लावणे इतके सोपे का असते, याची काही उत्तरे मानसशास्त्राच्या प्रयोगांतून मिळाली आहेत. टेरेसा अमाबिले या अमेरिकी संशोधिकेने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना पुस्तक परीक्षणे वाचायला दिली होती. मजकूर जवळपास तोच ठेवून एका परीक्षणाचा सूर कौतुकाचा आणि दुसऱ्याचा टीकेचा केलेला होता. वाचकांना टीका करणारा परीक्षक अधिक बुद्धिमान आणि अधिक जाणकार वाटला. माणूस म्हणून तो कमी आवडला, ही गोष्ट वेगळी. म्हणजे दुसऱ्याच्या कल्पनेतले दोष दाखवणाऱ्याला फारसे काही न करता हुशारीचे प्रमाणपत्र मिळते. २०१२ साली जेनिफर म्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक बाजू दाखवली. नावीन्य हवे असे तोंडाने म्हणणारी माणसेही मनात अनिश्चितता असली की नव्या कल्पनेकडे नकळत नापसंतीने पाहतात, आणि मग ती कल्पना नवी आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

प्रयोगशाळेबाहेरची कारणे याहून साधी आहेत. नवी पद्धत आली की जादा काम कुणाच्या तरी टेबलावर येते, आणि ते टेबल आपलेच असेल अशी भीती असते. चालू पद्धत कुणीतरी बसवलेली असते आणि तो माणूस बैठकीत समोरच बसलेला असतो. शिवाय सूचना कुणी केली यावर तिचे वजन ठरते. सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या कारकुनाने सांगितलेली गोष्ट आणि तीच गोष्ट मुख्यालयातून आलेल्या परिपत्रकात असणे यांत कार्यालये जमीन-अस्मानाचा फरक करतात.

उडवून लावणाऱ्याला याची किंमत मोजावी लागत नाही. ती पुढे सगळ्यांना मिळून द्यावी लागते, आणि कुठल्या हिशेबात दिसत नाही. ज्याची सूचना हसण्यावारी गेली तो पुढच्या वेळी गप्प बसतो. पण त्याच्या शेजारी बसलेले चौघेही तेव्हाच धडा शिकलेले असतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासताना एक कोडे पडले. ज्या विभागांत परिचारिकांचे आपसातले आणि वरिष्ठांशी असलेले संबंध चांगले, तिथेच चुकांची नोंद जास्त दिसत होती. त्या विभागांत लोक चुका उघडपणे सांगत होते आणि इतर ठिकाणी लपवत होते, असा त्याचा उलगडा निघाला. बोलल्याबद्दल आपली अप्रतिष्ठा होणार नाही, या भरवशाला त्यांनी पुढे १९९९च्या निबंधात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटले. चुकांना जे लागू, ते सूचनांनाही लागू आहे.

सहकाऱ्यांनी एकमेकांच्या मतांना कसे उत्तर द्यावे, हा विषय आधुनिक व्यवस्थापनशास्त्राने शोधून काढला असे मात्र नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातला आठवा अध्याय याच गोष्टीवर बराच वेळ थांबतो. वैद्याने दुसऱ्या वैद्याशी चर्चा करावी, त्याने ज्ञान वाढते आणि शंका फिटतात, असे सांगून चरक अशा चर्चेचे दोन प्रकार करतो. एक ‘संधाय संभाषा’, म्हणजे मैत्रीची चर्चा. दुसरी ‘विगृह्य संभाषा’, म्हणजे कुरघोडीची. पहिल्या प्रकारासाठी दिलेले नियम आजच्या बैठकीतही जसेच्या तसे चालतील. निर्धास्त बोलावे, निर्धास्त विचारावे. समोरच्याने विश्वासाने विचारले तर त्याला नीट उलगडून सांगावे. हरण्याच्या भीतीने घाबरू नये. समोरचा निरुत्तर झाला म्हणून आनंद मानू नये आणि चारचौघांत त्याची बढाई मारू नये. आपल्याच एका बाजूला चिकटून बसू नये. गंमत अशी, की कुरघोडीच्या चर्चेत प्रतिपक्षाला कसे नमवावे याच्या युक्त्याही चरक पुढे तितक्याच मोकळेपणाने देतो. दोन्ही प्रसंग वैद्याच्या आयुष्यात येतात, एवढेच त्याचे म्हणणे. कुठल्या प्रसंगी आपण कुठली चर्चा करतो आहोत, हे ओळखण्याचे काम वैद्याचे.

न्यायशास्त्राने हीच विभागणी तीन पायऱ्यांत केली. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची कसलीही बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढणे ती वितंडा. ‘हे चालणार नाही’ म्हणून थांबणारा सहकारी या तिसऱ्या पायरीवर असतो, कारण मग काय चालेल हे सांगण्याची जबाबदारी तो घेत नाही. शास्त्रग्रंथांत खंडनाआधी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त होती, आणि तो इतका प्रामाणिकपणे मांडायचा की प्रतिपक्षालाही ते आपलेच म्हणणे वाटावे. उत्तर देण्यापूर्वी ‘तुमचं म्हणणं असं आहे ना?’ असे विचारून सूचना आपल्या शब्दांत परत सांगणे, ही त्याच शिस्तीची कार्यालयीन आवृत्ती. निम्मे मतभेद एवढ्यानेच मिटतात. सूचना मुळात वेगळीच होती हे त्यातून कळते.

विसाव्या शतकात या प्रश्नावर सर्वांत गाजलेला उपाय अमेरिकेतल्या अॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यावसायिकाने सुचवला. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द त्याच्या पुस्तकांमुळे जगभर गेला. त्याचा मुख्य नियम असा, की कल्पना सुचत असताना टीका पूर्ण बंद ठेवायची. जितक्या येतील तितक्या येऊ द्यायच्या आणि निवड नंतर करायची. नियम ऐकायला आकर्षक आहे, पण तपासण्यांत तो फारसा टिकला नाही. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात असे दिसले, की चार जणांच्या गटापेक्षा स्वतंत्रपणे बसलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या संख्येने जास्त आणि दर्जानेही चांगल्या भरतात. गटात एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि त्यात त्यांचे सुचलेले विरून जाते, हे त्याचे एक कारण पुढच्या अभ्यासांत समोर आले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष २००४ साली शार्लान नेमेथ यांनी अमेरिका आणि फ्रान्स इथे केलेल्या प्रयोगातून आला. टीका करू नका असे सांगितलेल्या गटांपेक्षा, एकमेकांच्या कल्पनांवर वाद घाला, टीका करा असे सांगितलेल्या गटांनी जास्त कल्पना दिल्या.

तेव्हा टीकेला बंदी घालून काम होत नाही. ‘वा, छान’ म्हणून पुढे जाणे हेही उत्तर नव्हे. कित्येकदा तो टाळण्याचा सभ्य मार्ग असतो. टीका कोणत्या आकारात द्यायची, हा खरा मुद्दा आहे. त्याचे सर्वांत वापरण्याजोगे उत्तर मॅसेच्युसेट्समध्ये ‘सिनेक्टिक्स’ नावाने काम करणाऱ्या विल्यम गॉर्डन आणि जॉर्ज प्रिन्स यांच्या गटाने शोधले. या गटाने कल्पना शोधणाऱ्या बैठकांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यातून प्रतिसाद देण्याची एक रीत बसवली. सूचना ऐकल्यावर प्रथम तिच्यातले काय उपयोगी आहे ते नेमके सांगायचे, आणि एकाहून अधिक गोष्टी शोधायच्या. मग अडचण सांगायची, तीही ‘हे होणार नाही’ अशी न सांगता ‘हे कसे करता येईल?’ अशा प्रश्नाच्या रूपात. आणि तो प्रश्न सुचवणाऱ्यासकट सगळ्यांच्या पुढे ठेवायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या एका रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीवर मोठी रांग लागते. रांगेत निम्म्याहून जास्त माणसे रक्तदाब आणि मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेली असतात. बैठकीत एक परिचारिका सुचवते, की या लोकांना आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा आणि त्यांचे जुने केसपेपर आदल्या संध्याकाळीच काढून ठेवावेत. नेहमीचे उत्तर असे येईल: ‘सिस्टर, लोक ऐकतात का आपलं? ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा तो येणार.’ विषय संपला. आता दुसरे उत्तर पाहावे: ‘पेपर आदल्या दिवशी काढून ठेवायचे हे फार चांगलं, खिडकीवरचा बराच वेळ शोधण्यातच जातो. एकाच वेळी सगळे रक्तदाबवाले आले तर तपासणीही एका रांगेत होईल. माझी अडचण वाराची आहे. लांबच्या वाडीवरचा माणूस बाजाराच्या दिवशीच तालुक्याला येतो. त्याला दुसऱ्या वारी कसं आणायचं?’ हा प्रश्न टेबलावर आला की औषधनिर्माता म्हणू शकतो, मग बाजाराचाच वार धरू. त्यावर डॉक्टर म्हणतील, त्या दिवशी तर आधीच सर्वांत जास्त गर्दी. मग कुणी सुचवेल, की बाजार करून लोक दुपारनंतर मोकळे होतात, परतीची एसटी संध्याकाळी असते. मधल्या दोन तासांत गोळ्यांसाठी वेगळे टेबल लावता येईल का? हे टेबल चालेल की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. चार आठवडे लावून पाहिले की कळेल, आणि चार आठवड्यांच्या प्रयोगाला कुणाची मंजुरी लागत नाही.

या दोन उत्तरांत हरकत एकच होती: लोक ठरवलेल्या वारी येणार नाहीत. पहिल्याने ती निकाल म्हणून सांगितली, दुसऱ्याने सोडवायचा प्रश्न म्हणून. आणखी एक बारकावा आहे. दुसऱ्या उत्तरातले कौतुक नेमके होते. ‘कल्पना चांगली आहे, पण...’ या वाक्यातले कौतुक कुणाच्याच कानापर्यंत पोचत नाही, ‘पण’ची वाट पाहण्याची सवय सगळ्यांना झालेली असते. पेपर शोधण्यातला वेळ वाचेल, असे ठोस सांगितले की सूचना खरोखर ऐकली गेल्याचे दिसते. शिवाय वाराची गोष्ट बारगळली तरी पेपर काढून ठेवण्याचा भाग हाती उरतो.

प्रश्न विचारण्यातही भेद करावा लागतो. ‘आकडे आहेत का तुमच्याकडे?’ हे वाक्य व्याकरणाने प्रश्न असले तरी कार्यालयात बहुधा तोंड बंद करण्यासाठी वापरले जाते. ‘रोज साधारण किती पेपर शोधावे लागतात, हे कुणाला माहीत आहे का?’ या प्रश्नाला सगळे मिळून उत्तर शोधू शकतात. नव्या कल्पनेकडून पूर्ण झालेल्या प्रकल्प-अहवालाची अपेक्षा ठेवणे हा तिला संपवण्याचा हमखास मार्ग आहे. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर या रसायनशास्त्रज्ञाला १९६८ साली एक चिकट द्रव्य मिळाले, पण ते धड घट्ट चिकटत नव्हते. त्याचा उपयोग काय, हे त्यालाही सांगता येईना; तरी तो कंपनीतल्या सहकाऱ्यांना त्याबद्दल सांगत राहिला. १९७४ साली आर्ट फ्राय या सहकाऱ्याला चर्चमध्ये गाताना भजनाच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळून पडतात म्हणून ते द्रव्य आठवले, आणि १९८० साली ‘पोस्ट-इट’ चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आल्या. सिल्व्हरकडे आकडे मागितले असते, तर त्याच्याकडे ते नव्हते.

कल्पनेची पारख कुणी करावी, याबद्दलही एक अनपेक्षित निष्कर्ष हाती आहे. जस्टिन बर्ग यांनी २०१६ साली सर्कशीच्या क्षेत्रात केलेल्या अभ्यासात, कोणता नवा खेळ प्रेक्षकांना आवडेल याचा अंदाज व्यवस्थापक आणि कलाकार या दोघांनाही करायला सांगितला होता. दुसऱ्यांच्या नव्या खेळांबद्दल कलाकारांचे अंदाज व्यवस्थापकांपेक्षा जास्त बरोबर ठरले. स्वतःच्या खेळाबद्दल मात्र कलाकार फार आशावादी होते. याचा अर्थ, निवाडा वरिष्ठांवर सोपवून सहकाऱ्यांनी गप्प बसणे तोट्याचे आहे. त्याच कामात रोज हात असलेल्या माणसाचे मत सर्वांत मोलाचे, आणि ते ज्याची कल्पना आहे त्याच्याखेरीज दुसऱ्याचे हवे.

संस्थेच्या पातळीवर हे कसे बसवता येते, याचा सर्वांत परिचित नमुना टोयोटाचा. १९५० साली एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्ड कंपनीचे कारखाने पाहून आले. तिथली कामगारांकडून सूचना घेण्याची योजना त्यांनी उचलली आणि १९५१ पासून टोयोटात लागू केली. तिचा भर लहान सुधारणांवर राहिला: एखादे हत्यार हाताशी ठेवणे, एक वाकणे वाचवणे, चूक होणारच नाही असा साचा करणे. कामगाराची सूचना कच्ची असेल तर ती परत न करता पक्की करायला मदत करणे, हे तिथल्या पर्यवेक्षकाचे काम मानले गेले. कामगारांच्या लहान गटांनी आपल्याच कामातल्या अडचणी सोडवण्याची, १९६२ साली जपानमध्ये सुरू झालेली ‘क्वालिटी सर्कल’ची चळवळ भारतात १९८०च्या सुमारास भेलच्या हैदराबादजवळच्या कारखान्यातून आली, आणि पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिकच्या कारखान्यांतल्या कामगारांना ‘कायझेन’, म्हणजे सततच्या लहान सुधारणा, हा शब्द आज ओळखीचा आहे. याउलट आपल्याकडच्या सूचनापेट्या. भिंतीवर टांगलेली, कुलूप गंजलेली आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसलेली पेटी अनेक कार्यालयांत दिसते. पेटीचा मूळ दोष असा, की ती सूचना घेते पण उत्तर देत नाही.

काही सूचना मुळात इशारे असतात, आणि त्या उडवून लावल्या तर जीव जातात. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ इथे दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ माणसे मेली. केएलएमच्या विमानाने उड्डाणासाठी वेग घेतला असताना त्यातल्या फ्लाइट इंजिनियरने, समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका विचारली होती. कंपनीतल्या अत्यंत ज्येष्ठ अशा कॅप्टनने ती ठामपणे निकालात काढली आणि इंजिनियर पुढे बोलला नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान इंधन संपून कोसळले. चाकांच्या बिघाडात कॅप्टन गुंतलेला असताना सहकारी इंधनाबद्दल बोलत होते, पण अडखळत आणि आडून. या व अशा अपघातांनंतर १९७९ साली नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून वैमानिकांच्या प्रशिक्षणाची नवी पद्धत आकाराला आली; १९८१ पासून युनायटेडने ती सुरू केली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. तिच्यात कनिष्ठाला शंका स्पष्ट शब्दांत मांडायला शिकवतात, आणि कॅप्टनला ती मागून घ्यायला. दुसरा भाग जास्त अवघड असतो, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडच्या कार्यालयांत वरिष्ठांनी पहिले मत देणे हाच शिष्टाचार समजला जातो, आणि तो चर्चेला मारक आहे. साहेब बोलले की उरलेल्यांना त्यांच्याशी सहमत होण्याखेरीज काम उरत नाही. वरिष्ठांनी शेवटी बोलावे. त्याआधी प्रत्येकाने दोन ओळी कागदावर लिहून आणाव्यात, म्हणजे बुजऱ्या माणसाचे म्हणणेही टेबलावर येते. श्रेयाचा हिशेबही चोख हवा. एखाद्या बाईंनी सांगितलेली गोष्ट दहा मिनिटांनी दुसऱ्याने मोठ्या आवाजात सांगितली आणि सर्वांनी उचलून धरली, हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की ‘हे मघाशी मॅडमनी सांगितलं होतं’ असे म्हणणारा एक तरी सहकारी बैठकीत असावा लागतो.

नकार द्यायचा असेल तेव्हा तो स्पष्ट द्यावा. ‘बघू या’ हे आपल्याकडचे सर्वांत घातक उत्तर आहे. ऐकणाऱ्याला त्यात आशा दिसते, सांगणाऱ्याने विषय सोडून दिलेला असतो, आणि तीन महिन्यांनी त्याची आठवण काढणारा माणूस चिवट ठरतो. त्यापेक्षा ‘यंदा नाही, कारण निधी दुरुस्तीला गेला, मार्चनंतर पुन्हा आणा’ हे ऐकायला कडू असले तरी कामाचे आहे. सरकारी फाईलवरच्या ‘चर्चा करावी’ या शेऱ्यालाही हेच लागू होते. चर्चा कोणत्या मुद्द्यावर, कुणाशी आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे तीन तपशील त्या शेऱ्यात लिहायला अर्धी ओळ पुरते. अधिकाऱ्यांनी ती अर्धी ओळ लिहावी, आणि ती लिहिलेली नसेल तर खालच्यांनी फाईल घेऊन जाऊन विचारावी.